घटना, कलमवार

यंदाही बिहीवाली आधी आली आणि थंडी तिच्या मागून. बिही म्हणजे पेरू. पण रायपुरात जन्मलेल्या माणसाला पेरू म्हटलं की तो पुस्तकातला वाटतो आणि बिही म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. बुढापारा मोहल्ल्याच्या वळणावर ती टोपली घेऊन बसते, बिही चार फाकांत चिरते, पण देठाशी जोडलेलीच ठेवते आणि मधे मिरची-मीठ भरते. माझं वय आता मीठ कमी खायचं आहे. तरी मी स्कूटी थांबवते, हातमोजे काढते आणि तिथंच उभी राहून खाते. तेवढ्यापुरती मी अकरावीत असते.

घरी आले तर माझी पोट्टी इस्त्रीच्या टेबलापाशी हटून बसली होती. समता कॉलनीतल्या तिच्या शाळेत तिला कुठलीशी कॅप्टन केलं आहे. खांद्यावरून तिरपा घ्यायचा लाल पट्टा आहे, त्यावर सोनेरी अक्षरं. वार्षिकोत्सवात तो घालून तिला पाहुण्यांच्या पुढं चालायचंय.

"तुमची निवडणूक झाली का गं?" मी विचारलं.

"मम्मा, निवडणूक नहीं होती. मॅम सिलेक्ट करती हैं."

मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. मला त्यावर रागवायचा अधिकार नाही, कारण तिच्या वयात मीही हेच करत होते. आई भंडाऱ्याकडची, बाबा रेल्वेत, घरात सगळं "मले-तुले" आणि "काहून". आणि मी मात्र "हाँ, आ रही हूँ न" म्हणत चपला घालायची. पट्ट्याला इस्त्री करता करता मला आमचा तो हिवाळा आठवायला लागला. पट्टे नव्हते, कॅप्टन नव्हते, पण निवडणूक होती. आणि माझ्या हातून एक असा घोटाळा झाला होता की आजही एकटी असताना आठवला तर मी कान धरते.

छत्तीसगढ वेगळं राज्य झालं तो हिवाळा. आपलं शहर रातोरात राजधानी झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे आम्हा मुलांना समजलं ते पेंटर लोकांमुळे. शहरात एकाही पेंटरला जेवायला सवड नव्हती. जिथं जिथं "म.प्र." होतं तिथं तिथं "छ.ग." करायचं होतं. आमच्या शाळेच्या फाटकावर शिडी लावून एक पेंटर दोन दिवस बसला होता. त्यानं "म.प्र." खरवडलं, वर पांढरा हात मारला आणि "छ.ग." लिहिलं, पण रंग पातळ पडला आणि पुढची कित्येक वर्षं दुपारच्या उन्हात खालचा "म" वर दिसायचा. एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरलं. शंकर नगरात ज्यांची घरं होती त्यांनी एकदम भाडेकरूंशी गोड बोलणं बंद केलं. रस्त्यांवर पांढऱ्या मोटारी दिसायला लागल्या, आणि प्रत्येक मोटार कुणा ना कुणा मंत्र्याची आहे असं समजून आम्ही सायकलवरून उतरून बाजूला उभे राहायचो. त्यातल्या निम्म्या तरी लग्नाच्या असाव्यात.

आमची शाळा जुन्या मराठी मंडळींनी काढलेली, पण शिकवणं हिंदीतून. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, कडुनिंबाला टांगलेला. खालच्या वर्गांना टाटपट्ट्या, वरच्या वर्गांना बाकं. हजेरीला "उपस्थित श्रीमान" म्हणायचं. थंडी पडली की पहिल्या तासाचे मास्तर वर्ग बाहेर उन्हात घ्यायचे आणि सगळ्या वर्गांचे आवाज एकमेकांत मिसळायचे. आमचा भूगोल चालू असताना शेजारच्या सातवीचं वर्गमूळ कानावर यायचं. एकदा परीक्षेत मी मान्सूनच्या उत्तरात भाज्य आणि भाजक लिहून आले होते.

या शाळेत मोघे सर नागरिकशास्त्र शिकवायचे. भोसल्यांच्या काळात त्यांचे कोणी पूर्वज इकडे आले आणि मग इकडचेच झाले. पांढरा शर्ट, खाकी स्वेटर, आणि खिशाला दोन पेनं: निळं लिहायला, लाल आमच्यासाठी. माणूस प्रेमळ, पण शुद्ध बोलण्याचं त्यांना भारी वेड. आमच्याशी ते मराठी बोलायचे तेही छापल्यासारखं, आणि हिंदी तर असं की आकाशवाणीनं ऐकून धडा घ्यावा. "मेरे को" म्हणणाऱ्या पोराला ते "मुझे" दहा वेळा लिहायला लावायचे. मी ते किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही.

नवीन राज्य झाल्याबरोबर सरांच्या अंगात उत्साह संचारला. इतकी वर्षं वर्गशिक्षक बोट दाखवतील तो मॉनिटर अशी पद्धत होती. सर बड्या मॅडमकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले आणि म्हणाले की राज्याची विधानसभा होते आहे, तर आपल्या शाळेनं काय पाप केलंय? छात्रसंघ निवडून येऊ द्या. बड्या मॅडमनी परवानगी दिली, पण एक अट घातली: "गड़बड़ हुई तो ज़िम्मेदारी आपकी, मोघे जी."

मग काय विचारता! महिनाभर शाळेत अभ्यास सोडून सगळं झालं. चिठ्ठ्या कापल्या गेल्या, खडूच्या खोक्यांना वरून चीर पाडून मतपेट्या झाल्या. मतदान करणाऱ्याला आडोसा म्हणून ड्रिल सरांनी नकाशांचं स्टँड उभं केलं, त्यामुळे प्रत्येकानं आपलं गुप्त मत आफ्रिकेच्या मागं उभं राहून दिलं. मी सचिव पदाला उभी होते. माझ्यासमोर कोणीच नव्हतं, कारण सचिवाला लिहावं लागतं हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. खरी लढत अध्यक्षपदाची होती. एकीकडे भोपाळहून बदली होऊन आलेल्या एका अधिकाऱ्याचा मुलगा, अनुराग. बोलणं मोत्यासारखं, बूट चकचकीत. दुसरीकडे आमचा हेमलाल.

हेमलाल खारून नदीच्या पल्याडच्या एका गावचा. शिकायला मामाकडे राहायचा. वर्गात तो फारसा बोलायचा नाही, पण सायकल स्टँडवर त्याचं राज्य होतं. कोणाची चेन उतरली, कोणाचा ब्रेक लागत नाही, कोणाच्या मडगार्डचा खडखडाट होतोय की हेमलाल खाली बसायचा, दोन मिनिटं काहीतरी करायचा आणि काळे हात पँटला न पुसता गवताला पुसायचा. भाषणात तो एवढंच म्हणाला होता की नळाला पाणी येत नाही, ते मी बघतो. पोरांनी टाळ्या पिटल्या नाहीत. मतं मात्र खोकं भरून दिली. शाळेत सायकलवाले किती आहेत हे अनुरागला कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी प्रार्थनेनंतर शपथ होती. दहिवर अजून गवतावर होतं. ओट्यावर मोघे सर, हातात कार्यवाहीचं रजिस्टर. जे घडेल ते त्याच वेळी लिहून काढायचं अशी त्यांची शिस्त. मी शेजारी उभी. समोर सहावीपासून बारावीपर्यंतची सगळी शाळा रांगांमध्ये. सरांनी हेमलालला पुढं बोलावलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "क्या तुम इस पद का दायित्व स्वीकार करते हो?"

याचं उत्तर सरांनी आदल्या दिवशी लिहून दिलं होतं: "जी श्रीमान, मैं स्वीकार करता हूँ." हेमलालनं ते पाठही केलं असणार. पण समोर सगळी शाळा, वर बड्या मॅडम, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याला काही स्वीकारतोस का असं विचारतंय. त्याचा चेहरा असा उजळला की पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं आणि पोटातून उत्तर आलं.

"हव."

हव म्हणजे हो. छत्तीसगढीत यापेक्षा सरळ होकार नाही. आणि मी हसले.

सगळी शाळा हसली हे खरं; पण सर्वात आधी मी हसले, ओट्यावरून, सगळ्यांना दिसेल अशी. माझं हसू बघूनच पुढच्या रांगा फुटल्या आणि मग ते मागं मागं पसरत गेलं. सरांचे कान लाल झाले. त्यांना वाटलं, आपण उभा केलेला हा एवढा सोहळा, त्याचा तमाशा झाला. ते ओरडले, "हव? ये क्या होता है, हव? खेत में खड़े हो? पहले बोलना सीखो, फिर शपथ लेना!" आणि त्यांनी रजिस्टर फटकन मिटलं.

हेमलाल ओट्यावरून उतरला. रांगेत गेला नाही, सरळ फाटकातून बाहेर पडला. त्याची सायकल स्टँडवरच राहिली.

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी त्याचा मामा सायकल न्यायला आला. मी त्या वेळी स्टँडवरच होते. मामा साधा माणूस, भांडायला आलेला नव्हता. कुलपाला किल्ली लावत एवढंच बोलला, "गाँव चल दिस बेटी. अब नइ पढ़ंव कहिथे." गावाला गेला, आता शिकणार नाही म्हणतो. धानाची मळणी चालू होती, घरात हातांची गरज होती, आणि बापालाही अकरावीपेक्षा मळणी जास्त कळत होती. मामा सायकल हातात धरून चालत गेला. त्याला ती चालवता येत नसावी.

 एका शब्दावरून मुलगा शाळा सोडतो की काय! आणि पहिलं हसू माझं. मी तशीच उभी होते, तर मागून मोघे सर आले. त्यांचाही चेहरा उतरलेला होता, पण ते हेमलालबद्दल काही बोलले नाहीत. ते मराठीतून म्हणाले, "पल्लवी, सोमवारपर्यंत घटना लिहून आण. कलमवार लिही, अंदाजपंचे नको. कोणाचा अधिकार किती, कोणाची मर्यादा कुठे संपते, चूक झाली तर काय करायचं, सगळं आलं पाहिजे. भीड ठेवू नकोस. प्रार्थनेनंतर तूच वाचायची."

आता मराठी वाचणाऱ्या माणसाला इथं काय झालं ते लगेच उमगेल. सर छात्रसंघाची घटना मागत होते. संविधान! नियम, पदं, कलम एक, कलम दोन. पण माझ्या डोक्यात मराठी कुठे होती? हिंदीच्या पोरीला घटना म्हणजे घडलेली गोष्ट आणि कलम म्हणजे पेन. मला ऐकू आलं ते असं: परवा जी घटना घडली ती लिहून आण, पेन्सिलीनं नको, पेनानं लिही, आणि भीड ठेवू नकोस. मी मान वर करून सरांकडे पाहिलं. माझ्या मनात त्यांच्याविषयी इतका आदर दाटून आला की काय सांगू! केवढा मोठा माणूस, मला वाटलं. स्वतःची चूक सगळ्या शाळेसमोर वाचायला सांगतोय.

रविवारी बाबा ड्युटीवर डोंगरगडला होते. ते घरी असते तर कदाचित हे सगळं पुढचं घडलंच नसतं, कारण त्यांना मराठी पेपराची सवय होती. मी गच्चीवर सतरंजी टाकून बसले. आई शेजारी वाटाणे सोलत होती.

"काय लिहून राहिली वं?"

"स्कूल की घटना. मोघे सर ने बोला है."

"मग लिही न. जे झालं ते लिहायचं." आईनं एक शेंग माझ्याकडे टाकली. "पण झालं काय?"

मी सांगितलं. हेमलालनं "हव" म्हटलं ते सांगताना मला पुन्हा हसू आलं. आई हसली नाही. तिचे हात थांबले.

"यात हसायसारखं काय आहे?"

"माँ, शपथ में कोई हव बोलता है?"

"मग मी काय म्हणतो वं?" आई म्हणाली. "तुया बाबाले, दूधवाल्याले, तुया मास्तरले बी मी हवच म्हणतो. आमच्या भंडाऱ्याकडं समदे हवच म्हणतात. तू माह्यावरही हसते का मंग बाहेर?"

ती रागावली नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि ते मला जास्त लागलं. सोळा वर्षं हा शब्द माझ्या घरात दिवसातून पन्नास वेळा बोलला जात होता आणि मला तो कधी ऐकूच आला नव्हता. शाळेच्या ओट्यावर आला तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि हसले. मी वहीत आधी लिहिलेली दोन पानं फाडली. त्यांत मी फक्त सरांचं आणि पोरांचं लिहिलं होतं. नव्या पानावर निळ्या पेनानं पहिलं वाक्य लिहिलं: "सबसे पहले मैं हँसी."

त्या दुपारचं ऊन मला अजून आठवतं. खालच्या घरात कोणीतरी हरभऱ्याची भाजी तोडत बसलं होतं, रस्त्यानं शिंगाडेवाला ओरडत गेला, आणि मी आयुष्यातलं पहिलं खरं पान लिहीत होते. पुढं नोकरीत मी शेकडो टिपण्या लिहिल्या, मंत्र्यांनी त्यांच्यावर सह्या केल्या. पण तशी मान मोडून पुन्हा कधी लिहिलं नाही.

सोमवारी प्रार्थना संपली. सरांनी जाहीर केलं, "अब छात्रसंघ की सचिव पढ़ेंगी." काय, ते त्यांनी सांगितलं नाही, बहुतेक मुलांना नवल वाटावं म्हणून. मी ओट्यावर चढले आणि वाचायला लागले.

"सबसे पहले मैं हँसी. हेमलाल ने हव कहा, और मैं मंच पर खड़ी होकर हँसी. मेरी माँ भी हव कहती है."

सरांचा हात वर झाला. मला वाटलं, मागच्या रांगांना ऐकू जात नाही म्हणताहेत. मी आवाज चढवला. पुढचं सगळं मी ओरडूनच वाचलं: हेमलालनं कोणताही गुन्हा केला नाही, त्याला प्रश्न विचारला होता आणि त्यानं उत्तर दिलं होतं. आपले आदरणीय मोघे सर त्याला शेतावरून बोलले, पण आपण जो भात खातो तो शेतातूनच येतो. त्याचा मामा सायकल हातानं ओढत घेऊन गेला. हेमलाल आता शिकणार नाही. शेवटचं वाक्य होतं, "यह घटना मैंने सर के कहने पर, कलम से लिखी है."

  बड्या मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि मला आता पहिल्यांदा भीती वाटली, कारण त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्या रागावल्या की आवाज बारीक व्हायचा.

"मोघे जी, ये इस लड़की ने अपने मन से लिखा है? या आपने कहा था?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहून हसले, अगदी विश्वासानं. आपण सरांचं काम नीट केलं याबद्दल माझी खात्री होती. त्यांनी तेव्हा नुसतं खरं सांगितलं असतं की मी संविधान मागितलं होतं, तर माझं नाव त्याच दिवशी शाळेतून कटलं असतं.

"मैंने कहा था," सर म्हणाले. "मैंने ही कहा था, घटना लिखो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्या आठवड्यात फळ्याशेजारच्या काचेच्या पेटीत एक कागद लागला: "छात्रसंघ का संविधान." बारा कलमं, सगळी सरांच्या हातची. आपल्याकडे ते लिहायचं काम आलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले होते. असं आहे माझं डोकं. खरा प्रकार मला कळला तो सहा वर्षांनी, नागपूरला एमएला असताना. वाचनालयात मराठी वर्तमानपत्र चाळत होते आणि मथळा दिसला, "घटनादुरुस्तीवर चर्चा". मी मैत्रिणीला विचारलं, घडून गेलेली घटना दुरुस्त कशी करतात? ती इतकी हसली की ग्रंथपाल उठून आले. मी मात्र बाकावर बसून राहिले. माझ्या डोळ्यांसमोर तो वर झालेला हात आला. तो मला थांबवायला होता!

त्या सुटीत मी बुढापाऱ्यात सरांच्या घरी गेले. ते निवृत्त झाले होते, तरी खिशाला दोन्ही पेनं होतीच. मी म्हटलं, "सर, तुम्ही मले सांगितलं काहून नाही?" तोवर माझी मराठी बऱ्यापैकी झाली होती, पण घाईत घरची आली. त्यांनी मला "मले" चं "मला" करायला लावलं नाही.

"सांगायचं काय?" ते म्हणाले. "तू चुकीचं काय लिहिलं होतंस?"

मग त्यांनी बिही कापून आणायला आत सांगितलं आणि विषय बदलला. मला रडू आलं ते बाहेर पडल्यावर, स्कूटर स्टँडवरून काढताना. भर रस्त्यात, लोक बघत असताना मी रडले. आजही सांगायला लाज वाटत नाही.

पण त्या हिवाळ्याचं सांगायचं राहिलं. सोमवारी ते वाचन झालं, आणि मंगळवारी सरांनी अर्धा दिवस रजा टाकली. त्यांनी पंधरा वर्षांत रजा घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ते स्कूटरवरून नदीपल्याड हेमलालच्या गावी गेले. तिथं काय झालं ते हेमलालनं मला पुढं कधीतरी सांगितलं, तेही ब्रेक आवळता आवळता, तुकड्यातुकड्यांनी. खळ्यात मळणी चालू होती. सर पेंढ्यावर बसले, स्वेटरभर कुसळं लागली. बापानं "बइठव गुरुजी" म्हणून चहा दिला. सरांनी चहा प्यायला आणि बापाला एवढंच सांगितलं की मळणी झाली की याला पाठवा, शाळेत अध्यक्षाचं काम अडलं आहे. माफी वगैरे काही मागितली नाही. हेमलाल बैलांच्या मागं फिरत होता, तो थांबलाही नाही. सर निघताना त्यानं स्कूटर मात्र ढकलून चालू करून दिली, कारण ती किकनं चालू होत नव्हती.

बुधवारी तो आला नाही. सायकल स्टँडवर त्याची जागा रिकामी होती आणि तिथं कोणीही सायकल लावत नव्हतं. अनुरागसुद्धा नाही. त्यानं वर्गात मला विचारलं, "वो आएगा न?" तो आला नसता तर अध्यक्षपद अनुरागला मिळणार होतं. तरी त्यानं ज्या आवाजात विचारलं, त्यामुळे तो मला त्या दिवसापासून आवडायला लागला.

गुरुवारी प्रार्थना चालू असताना फाटक वाजलं. हेमलाल आत आला. डोक्याला तेल, अंगात मामाचा असावा असा मोठा कोट, हाताला मळणीचे ओरखडे. तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. प्रार्थना संपली तशी सरांनी त्याला नुसती मान हलवून बोलावलं.  तो ओट्यावर चढला, टाचा जोडल्या, समोर बघितलं आणि कोणी काही विचारायच्या आतच सुरू झाला, "जी श्रीमान, मैं..."

"रुको," सर म्हणाले. "तुमसे आज कुछ नहीं पूछना है."

हेमलालचा चेहरा पांढरा पडला. मलाही वाटलं, संपलं. सरांनी रजिस्टर उघडलं, गेल्या गुरुवारचं पान काढलं आणि वाचायला लागले. आधी त्या दिवशी लिहिलेलं: "अध्यक्ष से पूछा गया, क्या दायित्व स्वीकार है. उत्तर मिला, हव." त्याखाली ताज्या शाईतलं: "उत्तर स्पष्ट था. शपथ उसी समय पूर्ण हुई. समझने में चूक मुझसे हुई." खाली त्यांची सही होती. लाल पेनानं केलेली, जे पेन ते फक्त आमच्या चुकांना वापरायचे.

"यानी तुम पिछले गुरुवार से अध्यक्ष हो," ते म्हणाले. "बिना बताए सात दिन गैरहाज़िर रहे. आगे से अर्ज़ी देना."

 मग हेमलाल हळूच, पण पहिल्या चार रांगांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फेर मैं त चार दिन ले रटत हंव, सर. सुना दंव?"

मी चार दिवस घोकतोय, म्हणून दाखवू का? आता शाळा हसली, आणि तोही हसला.

"सुनाओ," सर म्हणाले.

त्यानं सगळं म्हटलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, एकही अडखळ नाही, असं शुद्ध की अनुरागनं मान डोलावली. बैलांच्या मागं फिरता फिरता तो हेच घोकत होता तर! सरांनी दोन्ही हात समोर बांधून, मान खाली घालून ते ऐकलं. ऐकून झाल्यावर त्यांनी बाजूला पाहिलं. ओट्यावर बड्या मॅडमच्या खुर्चीशिवाय एकच खुर्ची होती, ती सरांची.

"बैठिए, अध्यक्ष जी."

हेमलालनं आधी कोट सावरला आणि मग अगदी टोकावर बसला. सर ओट्यावरून खाली उतरले, रजिस्टर काखेत धरून अकरावीच्या रांगेत शेवटच्या मुलाच्या मागं जाऊन उभे राहिले, आणि तिथूनच त्यांनी हात वर केला: नळाचा प्रश्न विचारायचा होता.